बाण उलटाही असतो

मूल नसलेल्यांत नैराश्य जास्त दिसतं म्हणजे मूल नसणंच त्याला कारणीभूत, हे म्हणणं मला अर्धंच पटलं. कधी मानसिक आजारच आधी येतो आणि त्यापायी मूल होणं राहून जातं. स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदींवरच्या मोठ्या अभ्यासात स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार) असलेल्या पुरुषांना सर्वसाधारण पुरुषांच्या जेमतेम पाव पट मुलं होती, बायकांना निम्म्याच्या आसपास. हा आजार बहुतेकदा विशीत डोकं वर काढतो, म्हणजे ऐन नोकरी शोधायच्या आणि जोडीदार मिळायच्या वयात. मूल नसणं त्याच्या बरंच नंतरचं. चाळिशीत एकदाच प्रश्नावली भरून घेतली तर आधी काय झालं ते कळणार कसं?

आणि 'शिकलेलेच मूल टाळतात' हे पालुपद (दर चर्चेत येतंच!) नॉर्डिक देशांतल्या (स्वीडन, नॉर्वे, फिनलंड वगैरे) पुरुषांना लावून बघा. तिथे निपुत्रिकांचं प्रमाण सगळ्यात कमी शिकलेल्यांतच सर्वाधिक आहे.