मदत हवी आहे : अभ्यासिकेच्या खुर्च्यांचं कापड आणि कार्पेट, रिपोर्टमधले आकडे कसे वाचायचे?

धागाकर्ता :
नमस्कार मंडळी,

नाशिकला कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत आमची अभ्यासिका आहे. एमपीएससीची मुलं सकाळी सहाला बसतात ती रात्रीच उठतात, त्यामुळे खुर्चीला उसंत अशी नाहीच. मागचं कापड विक्रेत्याने 'हेवी ड्युटी' म्हणून गळ्यात मारलं होतं. आज बैठकीचा मधला भाग जवळपास नव्यासारखा आहे, पण पुढच्या कडेला शिवणीलगतचे धागे बाजूला सरकलेत, आडवे तेवढे जाळीसारखे उरलेत आणि आतला फोम दिसतो. मुलं पेनाने तो उकरतात, ते वेगळंच.

खाली कार्पेट टाइल आहेत. चाकांच्या खुर्च्या जिथे मागेपुढे होतात तिथे अर्धगोल चट्टे पडलेत. व्हॅक्यूम झाला, ब्रश झाला, लव काही उभी राहत नाही.

आता दोन कोटेशनं आलीत. दोन्हीवर कापड घासून झीज मोजणाऱ्या चाचणीचे आकडे आहेत : एकावर 'मार्टिंडेल ४०,०००', दुसऱ्यावर 'वायझेनबीक ६०,००० डबल रब्ज'. दुसरा बराच महाग आहे आणि म्हणतो, आमचं दीडपट टिकणार. हे खरं मानायचं का? आणि स्वतः तपासून घ्यायचं तर कुठे?

ताणाबाणा :
दीडपट वगैरे काही नाही. दोन्ही यंत्रं वेगळी, त्यांचे आकडे एकमेकांत बदलता येत नाहीत. मार्टिंडेलमध्ये (मानक आयएसओ १२९४७) कापडाचा छोटा गोल तुकडा लोकरीच्या प्रमाणित कापडावर घासला जातो. घासण्याची वाट सरळ रेषेपासून फुगत लंबगोल होते आणि परत रेषेवर येते, म्हणून झीज सगळ्या बाजूंनी होते. विणलेल्या कापडाचे दोन धागे पूर्ण तुटले की नमुना गेला. यात दाब बघा : सोफ्याच्या कापडाला १२ किलोपास्कल, अंगावरच्या कपड्यांना ९. रिपोर्टवर ९ असेल तर तो तुमच्या कामाचा नाही.

वायझेनबीकमध्ये (अमेरिकी मानक एएसटीएम डी ४१५७) ताणलेल्या पट्टीवर घासणी पुढेमागे चालते, एक जाऊन-येऊन म्हणजे एक डबल रब. घासायला सुती डक (जाड कॅनव्हाससारखं कापड) वापरलं की तारेची जाळी, हे लिहिलेलं नसेल तर तो आकडा अर्धवट समजा. अमेरिकेतल्या असोसिएशन फॉर कॉन्ट्रॅक्ट टेक्स्टाइल्सच्या शिफारशीत वर्दळीच्या जागेसाठी ३०,००० डबल रब्ज किंवा ४०,००० मार्टिंडेल पुरेसे धरलेत. म्हणजे तुमची दोन्ही कापडं पास. वरच्या आकड्याचे जादा पैसे कशाला?

शिवणयंत्र :
मुळात तुमचं कापड घासून गेलेलंच नाही! मधला भाग धड आणि शिवणीशी फट, म्हणजे धागे सरकलेत. त्याची चाचणी वेगळी, आयएसओ १३९३६ चा भाग २. नमुन्याला शिवण घालून ठरलेल्या जोराने ओढतात (सोफ्याच्या कापडाला १८० न्यूटन) आणि फट किती मिलिमीटर पडली ते मोजतात. दोन्ही विक्रेत्यांकडे हाच रिपोर्ट मागा, चेहरे बघण्यासारखे होतील. वीण सैल असेल तर मागून कोटिंग केलेलं कापड घ्या, आणि कुशनवाल्याला शिवणीत कापड जास्त सोडायला सांगा.

ओल्या घासणीत रंग सुटतो का तेही विचारा (आयएसओ १०५-एक्स१२, श्रेणी १ ते ५, ५ उत्तम). घामाने भिजलेला पांढरा शर्ट निळा झाला तर मुलं आधी तुम्हालाच धरतील.

घोटीकर :
कार्पेटला मार्टिंडेलचा आकडा पुरत नाही. पायाखालच्या वर्दळीसाठी व्हेटरमन ड्रम असतो, आत रबरी गुट्ट्यांचा जड गोळा कार्पेटवर लोळत राहतो (आयएसओ १०३६१). तुमचा प्रश्न मात्र चाकांचा आहे. त्यासाठी कॅस्टर चेअर चाचणी (आयएसओ ४९१८, पूर्वीची ईएन ९८५) : वजन ठेवलेली चाकं नमुन्यावर २५,००० फेऱ्यांपर्यंत फिरवतात, मग रूप किती बिघडलं ते श्रेणीत मांडतात. उंच कापलेली लव टाळा. आखूड, घट्ट लूप (न कापलेली, वळशांची लव) चाकांखाली कमी दबतो.

तपासणीसाठी घाटकोपरची बीट्रा (बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन) आणि ठाण्याची वूल रिसर्च असोसिएशन, दोन्हीकडे आधी फोन करून कोणती चाचणी होते ते विचारा. एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता त्या विशिष्ट चाचणीला आहे का तेही बघा, प्रयोगशाळेला सरसकट असून भागत नाही. पंचवटी एक्सप्रेसने कल्याण गाठा, पुढे लोकल.

धागाकर्ता :
मनापासून आभार. शिवणीचा मुद्दा एकाही विक्रेत्याने काढला नव्हता. नमुना सँपल बुकातून कापून नेला तर चालेल?

ताणाबाणा :
नको. तुम्हाला जो लॉट मिळणार त्याच ताग्यातून कापून घ्या, काठ सोडून. ताण्याची (उभ्या धाग्यांची) दिशा मागे पेनाने बाणाने दाखवा. किती मीटर लागेल ते प्रयोगशाळा सांगेल, कारण शिवणीच्या चाचणीला दोन्ही दिशांचे वेगळे तुकडे लागतात. आणि बिलावर लॉट नंबर लिहून घ्यायला विसरू नका, पुढे माल बदलला तर भांडायला तेवढाच कागद हातात राहतो.