व्हॅक्यूम लावून डिलिव्हरी, अँटिबायोटिकचा एकच डोस पुरतो का?

कोथरूडची_आत्या: वहिनीची डिलिव्हरी झाली, शेवटी बाळ खाली सरकेना म्हणून व्हॅक्यूम लावलं, टाके पण आहेत. शिरेतून अँटिबायोटिकचा एकच डोस दिला आणि काल घरी सोडताना नुसत्या पेनकिलर, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या. शेजारच्या काकूंच्या सुनेला म्हणे नॉर्मल होऊनसुद्धा पाच दिवसांचा कोर्स होता, तेव्हापासून आई मागे लागलीये की मेडिकलमधून गोळ्या घेऊन ये. आणू का?

लेबररूमवाली: अजिबात नको. मी स्टाफ नर्स आहे. व्हॅक्यूम नाहीतर चिमटा लावला की इन्फेक्शनची भीती जास्त, म्हणूनच तो डोस देतात. ब्रिटनमध्ये ३,४२७ बायकांवर अभ्यास झालाय, २०१९ साली लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आला, बाळ झाल्यावर ६ तासांच्या आत शिरेतून एकच डोस, तर इन्फेक्शन १९ टक्क्यांवरून ११ वर आलं. डब्ल्यूएचओ पण अशा डिलिव्हरीला एकच डोस सांगते. साध्या नॉर्मलला, नुसता कट असला तरी, सरसकट अँटिबायोटिक नकोच म्हणतात ते. काकूंच्या सुनेला वार हाताने काढावी लागली असेल, टाका खूप खोल गेला असेल, आपल्याला काय माहीत.

सिंहगडरोडकर: म्हणजे डोस देऊनही शंभरात ११ जणींना झालंच की!

लेबररूमवाली: हो ना दादा, म्हणून तर लक्ष ठेवायचं. ताप १००.४ च्या वर, थंडी वाजणं, टाक्यांतून पू, अंगावरून जातंय त्याला घाण वास, ओटीपोट जास्त दुखायला लागलं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखान्यात. दूध उतरतंय म्हणून ताप आलाय असं म्हणून घरी बसतात ना, तिथेच उशीर होतो.

बाळाची_आई_वाकड: आणि ताई, शेगडीत ओवा-बाळंतशेपा टाकून धुरी देणार असाल तर टाक्यांपासून लांब ठेवा, माझ्या मावशीने खाटेखालीच ठेवली होती, टाके नुसते चुरचुरत होते. शी-शूला जाऊन आलं की साध्या पाण्याने धुवायचं, टिपून कोरडं करायचं, पॅड वेळेवर बदलायचं.

कोथरूडची_आत्या: थँक्यू सगळ्यांना. डिस्चार्जची फाइल काढून बघितली, बाळ झाल्यावर तासाभरातच इंजेक्शन दिलंय, वेळ लिहिलीये. आईला दाखवलं तर म्हणे, मग हे काकूंना तूच सांग. थर्मामीटर तेवढा आणते आता.