कपाटातला कागद डॉक्टरला दिसत नाही

वर एका ताईंनी लिहिलंय, 'आगाऊ निर्देश लिहून कपाटात ठेवला की झालं.' (आगाऊ निर्देश म्हणजे पुढे मानसिक आजार झाला तर उपचार कसे हवेत, कसे नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला कागद.) नाही ताई, खरी अडचण तिथूनच सुरू होते. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात स्पष्ट आहे: तो कागद वेळेवर डॉक्टरांच्या हाती पडेल हे बघणं लिहिणाऱ्याचं आणि त्याच्या प्रतिनिधीचं (आजारपणात त्याच्या वतीनं उपचारांच्या निर्णयात साथ देणाऱ्या माणसाचं) काम, प्रत मिळालीच नाही तर डॉक्टर जबाबदार नाहीत. म्हणून मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे (याच कायद्याखालचं मंडळ) नोंद हवी. आपल्याकडे तर जास्तच. राज्यातली जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरीला. बीडचा माणूस येरवड्याला पोचतो तेव्हा कपाट गावीच असतं!

प्रतिनिधीचं नावही विचार करून लिहा. नाव नसेल तर नातेवाईक पुढे येतात, आणि वावराच्या वाटणीवरून ज्याच्याशी बोलणं बंद आहे तोच सहीला उभा राहायचा. आधी आजार होऊन गेला असला तरी सज्ञान माणसाला हे लिहिता येतं. तातडीच्या उपचारांना मात्र निर्देश लागू नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

प्रसाराचं म्हणाल तर शिबिरात पत्रकं वाटून काही होत नाही. आशाताईंना निर्देशाचा अर्ज भरायला शिकवा. माणूस बरा असतो, ओपीडीत गोळ्या न्यायला येतो, तेव्हाच भरून घ्या.