प्राण्यांचा छोटा दवाखाना : जाण्याआधी माहीत हवं असं काही

एक डॉक्टर, एक मदतनीस, स्टीलचं टेबल, वजनकाटा आणि लसींचा फ्रीज. आपल्याकडचे बरेच प्राण्यांचे दवाखाने एवढ्या सामानावर चालतात. एक्स-रे आणि सोनोग्राफीला बाहेर जावं लागतं, रक्त लॅबला जातं. अशा ठिकाणी पालक काय सांगतात आणि सोबत काय आणतात, यावर निदानाचं बरंच काही ठरतं. रोज या कामात असलेल्यांनी आपल्या अनुभवातून पक्क्या झालेल्या गोष्टी इथे लिहाव्यात. किस्से नकोत, उपयोगी पडेल ते लिहा.

पशुवैद्य, लहान शहर

निघण्याआधी फोन करा. जात, वय, अंदाजे वजन, त्रास काय आणि कधीपासून, एवढं सांगितलंत तरी डॉक्टर तयारीत राहतात. लस न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताची शी होत असेल तर हे फोनवरच सांगा आणि आत बोलावेपर्यंत गाडीत किंवा दाराबाहेर थांबा. पिल्लांना असा त्रास देणाऱ्या पार्वो या आजाराचा विषाणू फरशीवर महिनोन्महिने टिकतो आणि साध्या फिनाईलने मरत नाही. त्याला ब्लीच लागतं, 1 भाग ब्लीचला 30 भाग पाणी, आणि फरशी किमान 10 मिनिटं ओली राहायला हवी. निरोगी पण लसी अपुऱ्या असलेलं पिल्लू दवाखान्यात मांडीवरच ठेवा. बाकाखाली हुंगायला अजिबात सोडू नका.

‘जेवत नाहीये’ एवढ्यावर आम्हाला फार पुढे जाता येत नाही. पाणी पितो का? शेवटची शी कधी, कशी झाली? पोट ओढून उलटी होते, की खाल्लेलं अन्न पोट न ओढता तसंच बाहेर पडतं? पहिल्यात दोष पोटाचा, आतड्याचा किंवा यकृत-मूत्रपिंडाचा असू शकतो, दुसरा प्रकार अन्ननलिकेचा. दोन्हींची तपासणी वेगळी. म्हणून जो माणूस रोज खायला घालतो आणि फिरवतो, त्यानेच यावं.

खोकला, लंगडणं, झटके या गोष्टी प्राण्याला टेबलावर चढवलं की गायब होतात. मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून आणा. लंगडणाऱ्या कुत्र्याला बाजूने आणि मागून चालताना टिपा. झटका आला तर तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. 5 मिनिटांपुढे गेला, किंवा एकामागून एक येत राहिला, तर लगेच निघा.

दवाखान्यातली मदतनीस

मांजर कडेवर किंवा ओढणीत गुंडाळून आणू नका. कुत्रं भुंकलं की मांजर नखं रोवून सुटतं आणि रस्त्यावर गेलं की सापडणं कठीण. वरून उघडणारी जाळीची पेटी सगळ्यात सोयीची, कारण मांजर आत बसलेलं असतानाच तपासता येतं. पेटी 3-4 दिवस आधीपासून घरात उघडी ठेवा, आत त्याचं नेहमीचं फडकं घाला. दवाखान्यात पेटीवर टॉवेल टाका आणि ती खुर्चीवर ठेवा, जमिनीवर नको.

कुत्र्याला मुसकं बांधायचं म्हटलं की पालकांना अपमान वाटतो. मुसकं शिक्षा नाही. दुखऱ्या जागी हात लागला की अतिशय गरीब कुत्रंही चावतं. घरूनच सवय लावा : मुसक्यात खाऊ ठेवा, तोंड आपणहून घालू द्या, हळूहळू वेळ वाढवा. उलट्या करणाऱ्या, धापा टाकणाऱ्या किंवा पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला बँडेजने तोंड बांधायचं नाही, श्वास अडकतो. आणि चावणारा असेल तर आधी सांगा. लपवू नका.

औषधांच्या दुकानातून

माणसांची गोळी ‘लहान जीव म्हणून पाव’ हा हिशेब जीव घेतो. पॅरासिटामॉल फोडण्याची क्षमता मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडतं, हिरड्या तपकिरी पडतात, चेहरा सुजतो, श्वास लागतो. मांजरासाठी अर्धी गोळीसुद्धा प्राणघातक ठरू शकते. कुत्र्याला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक दिलं तर जठरात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. (जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर भारतात 2006 मध्ये बंदी आली ती मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मरत होती म्हणून, पण माणसांसाठीची गोळी घरोघरी असतेच.) चुकून काही दिलं गेलं असेल तर कितीची गोळी, किती वाजता, ते स्पष्ट सांगा आणि पाकीट दाखवा.

मांजरांच्या बाबतीत आणखी एक : कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मानेवर टाकायच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. ते मांजरावर टाकलं की थरथर, झटके आणि मृत्यूही.

उंदराचं औषध खाल्लं असेल तर पाकिटाशिवाय येऊ नका, कारण उपचार घटकावर ठरतात. ब्रोमॅडिओलोनने रक्त गोठणं थांबतं, पण लक्षणं बहुधा 3 ते 5 दिवसांनी दिसतात. तोवर कुत्रं ठणठणीत वाटतं आणि घरचे निर्धास्त होतात. त्यावर व्हिटॅमिन के1 काही आठवडे चालतं. झिंक फॉस्फाईडचा पोटात विषारी वायू होतो. गाडीत उलटी झाली तर काचा उघडा, तो वायू माणसालाही घातक आहे. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही.

मांजरं सांभाळणारी

बोका मातीच्या ट्रेमध्ये पुन्हापुन्हा बसतो, जोर करतो, ओरडतो. घरचे समजतात बद्धकोष्ठ आहे आणि एरंडेल शोधतात. आधी ट्रेमधली माती बघा. ओलं काहीच नसेल तर शू तुंबली आहे. पोटॅशियम वाढून हृदय थांबतं, एक-दोन दिवसांत सगळं संपू शकतं. सकाळपर्यंत वाट बघू नका. पूर्ण नसबंदी झालेल्या, घरातच राहणाऱ्या, कोरडं खाणाऱ्या लठ्ठ बोक्यांत हे जास्त दिसतं.

मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, दोन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठायला लागते. कुत्र्यासारखं ‘भूक लागली की खाईल’ इथे चालत नाही.

लॅबमधून

शू सकाळची पहिली घ्या. कुत्रा पाय वर करतो तेव्हा लांब दांड्याचा स्वच्छ पळा खाली धरा. डबी कोरडी हवी. मसाल्याची किंवा औषधाची जुनी बाटली नको. 2 तासांत पोचवा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा. शी ताजी हवी, बोराएवढी पुरे. कुंडीतली माती लागलेली आणू नका, मातीतले सूक्ष्म जंतही दिसतात.

गोचीडतापाचा संशय असेल तर रक्त डॉक्सिसायक्लिन सुरू करण्याआधी द्या, नंतर जंतू सापडणं अवघड होतं. ते औषध सहसा 28 दिवस असतं. पाचव्या दिवशी ताप उतरला म्हणून बंद करू नका. मांजराला या औषधाची गोळी दिल्यावर सिरिंजने 5-6 मिली पाणी पाजा, अन्ननलिकेत अडकली तर जखम होते. सिरिंज गालाच्या बाजूने, मान वर न करता, थोडं थोडं.

शस्त्रक्रियेच्या खोलीतून

मोठ्या कुत्र्या-मांजराचं खाणं भुलीआधी 8 तास बंद, पाणी साधारण 2 तास आधीपर्यंत. लहान पिल्लांना इतकं उपाशी ठेवत नाहीत, साखर उतरते. त्यांच्यासाठी वेळ डॉक्टरांकडून लिहून घ्या. ‘रडत होता म्हणून एक बिस्कीट दिलं’ हे सांगायला लाजू नका. बेशुद्धीत उलटी श्वासनलिकेत जाते. ऑपरेशन पुढे ढकललं तर काही बिघडत नाही.

टाके 10 ते 14 दिवसांनी निघतात. जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालतात तो कोन तोपर्यंत रात्रंदिवस. ‘कीव येते’ म्हणून अर्धा तास काढला की तेवढ्यात टाका उघडतो.

नसबंदी न झालेली कुत्री माजानंतर एक-दोन महिन्यांत खूप पाणी प्यायला लागली, सुस्तावली किंवा खालून स्राव आला, तर गर्भाशयात पू असू शकतो. दर वेळी स्राव दिसतोच असं नाही.

लसीकरण बघणारी

पुस्तिकेत बाटलीचा स्टिकर चिकटवून घ्या. त्यावर बॅच आणि मुदत असते. नुसती सही पुरत नाही, महापालिकेच्या परवान्यालाही रेबीजची नोंद लागते. लस 2 ते 8 अंशांत राहायला हवी, म्हणून दुकानातून घेऊन उन्हातून आणू नका. पिल्लाचे डोस 6-8 आठवड्यांपासून दर 3-4 आठवड्यांनी, किमान 16 आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीज साधारण 3 महिन्यांना. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. तोंड सुजलं, उलट्या झाल्या तर डॉक्टर समोर असतात.

भटक्या कुत्र्याने आपल्या कुत्र्या-मांजराला चावा घेतला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा, हातमोजे घालून. आधी लस झालेली असली तरी त्याच दिवशी दवाखान्यात जायचं.

घरी सलाईन लावून नेणाऱ्यांसाठी, एका परिचारकाकडून

तीन दिवस सलाईन असेल तर पायातली सुई तशीच ठेवून घरी पाठवतात. वर बँडेज असतं. दर 3-4 तासांनी बोटं बघा. दोन्ही पंजे शेजारी धरले की सूज कळते. पंजा फुगला किंवा गार पडला, तर चिकटपट्टी घट्ट झाली आहे. फोन करून डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे ती सैल करा, रात्रभर तशी ठेवू नका. शूसाठी बाहेर नेताना पायाला प्लास्टिकची पिशवी, घरी आल्यावर लगेच काढायची. सलाईन कातडीखाली दिलं असेल तर पाण्याची गाठ खाली पायाकडे उतरते. ती काही तासांत जिरते, चोळू नका.