जुनी कोशर वाईन: दोष कोशरचा नाही
कोणीतरी लिहिलंय की कोशर वाईन, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांप्रमाणे बनवलेली वाईन, तापवलेली असते म्हणून जुनी झाली की वायाच जाते, ते मला अजिबात पटलं नाही. तापवतात ती मेवुशाल, आणि सगळी कोशर मेवुशाल नसतेच, गोलान टेकड्यांवरची यार्डन कॅबर्ने ही रेड वाईन बघा, मस्त मुरते. मागे इस्रायलमधल्या हैफात मित्राकडे 2006 ची एक कोशर बाटली उघडली, स्क्रू लावताच बुचाचा भुगा, रंग पार तपकिरी, वास शिजवलेल्या मनुकांचा आणि घोट घेतला तर नुसता आंबट. खूप वाईट वाटलं हो! पण ती बाटली कित्येक उन्हाळे ओव्हनशेजारच्या कपाटात उभीच होती, बूच सुकणारच ना. 12-14 अंशांत आडवी ठेवायला हवी होती. ग्लासात वाईनच्या कडेला नुसती विटकरी झाक असेल तर मात्र घाबरू नका, ते वयाचं लक्षण, थोडा वेळ ग्लासात राहू द्या आणि मग चाखा.