डोंगरातलं छोटं गाव: पैसा भिंतीत घालावा की विम्यात?

उतारकर:
दोन-तीन हजार वस्तीचं डोंगरातलं गाव, मधून नदी, दोन्ही काठांना बाजार. अशा गावाची तिजोरी ती केवढी! त्यातून पूरसंरक्षक भिंत बांधायची की सगळ्या घरांचा मिळून विमा काढायचा? माझं मत: आधी विमा, तोही सक्तीचा. भिंत नंतर, जमली तर.

भिंत ठरावीक पाण्याच्या हिशेबाने बांधतात. 'शंभर वर्षांतून एकदा' म्हणतात तो पूर म्हणजे दर वर्षी १ टक्का शक्यता. तीस वर्षांचं गृहकर्ज फिटेपर्यंत ती साधारण २६ टक्के होते. त्याहून मोठं पाणी आलं की भिंत असून नसल्यासारखी, आणि तोवर तिच्या भरवशावर काठाला आणखी घरं उठलेली असतात.

जर्मनीत बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात १९९० च्या दशकापर्यंत घरांचा विमा सक्तीचा होता. सक्ती गेली, सवय राहिली. आजही तिथल्या ९० टक्क्यांहून जास्त घरांना पुराचं संरक्षण आहे. जर्मनीतल्याच ऱ्हाइनलँड-पॅलाटिनेट राज्यात, आर नदीच्या खोऱ्यात, जुलै २०२१ मध्ये पूर आला तेव्हा त्या राज्यात हे प्रमाण निम्म्याहून कमी होतं. शेवटी ३० अब्ज युरोंचा निधी सरकारला उभारावा लागला.

गाळमोजे:
साफ असहमत. आर खोऱ्यात १३० हून जास्त माणसं गेली. त्यांना कुठला हप्ता वाचवणार होता?

डोंगरातला पूर म्हणजे नुसतं पाणी नसतं, हे आधी लक्षात घ्या. वरून धोंडे येतात, मुळांसकट झाडं येतात. पुलाच्या कमानीत एक बुंधा आडवा अडकतो, त्याला फांद्या, फांद्यांना वाहून आलेली गाडी. बघता बघता पुलाचं धरण होतं. पाणी मागे चढतं, बाजारात शिरतं आणि मग पूल फुटला की खालच्या वस्तीवर एकदम आदळतं. आरच्या काठी हेच झालं.

म्हणून खर्च गावातल्या भिंतीवर नको, गावाच्या वर ओढ्यात करा. ऑस्ट्रियात डोंगरी ओढे आवरायला १८८४ पासून स्वतंत्र सरकारी खातं आहे. असल्या कामात बांधाला उभ्या फटी ठेवतात. पाणी निघून जातं, धोंडे आणि ओंडके अडतात. काम दिसायला ओबडधोबड, फीत कापायला कोणी येत नाही. पण गाव वाचतं.

हिशेबनीस:
दोघांचीही स्वप्नं छान आहेत, पण पैसे कोण भरणार?

अमेरिकेचा सरकारी पूरविमा १९६८ चा. वर्षानुवर्षं हप्ता धोक्याच्या मानाने कमी ठेवला. २०१७ मध्ये १६ अब्ज डॉलरचं कर्ज माफ केलं, तरी २० अब्जांच्या वर उरलंच. तीच घरं पुन्हा पुन्हा बुडतात आणि पुन्हा तिथेच बांधली जातात. वरच्या आळीतल्या माणसाने काठावरच्या दुकानाचा हप्ता का भरायचा? त्याच्या उंबऱ्याला पाणी शिवलेलं नाही.

उतारकर:
@हिशेबनीस, वरच्या आळीला पूर नाही, पण दरड आहेच की. शिवाय तिचा रस्ता, वीज, मुलांची शाळा सगळं खाली. फ्रान्समध्ये १९८२ पासून घराच्या प्रत्येक विम्यावर नैसर्गिक आपत्तीचा अधिभार आहे. टक्केवारी सगळ्यांना सारखीच, घर काठावर असो की टेकडीवर.

हिशेबनीस:
आणि तोच अधिभार २०२५ च्या जानेवारीत १२ टक्क्यांवरून २० वर नेला, हे सांगायचं राहिलं का?

कलमवाचक:
मी मधे पडतो. 'विमा घ्या' म्हणण्याआधी त्यात काय लिहिलंय ते तरी बघा.

त्याच अमेरिकी पूरविम्यात वाहत आलेल्या चिखलाचं नुकसान भरून मिळतं, घसरलेल्या दरडीचं नाही. आता खिडकीच्या कठड्यापर्यंत राडा भरलेल्या खोलीत सर्व्हेअर उभा आहे अशी कल्पना करा. भिंत वाहत्या चिखलाने पाडली की सरकत्या उताराने? एकाच रात्रीत दोन्ही झालं असेल तर? सपाटीवर हा वाद क्वचितच होतो, डोंगरात क्लेमचं सगळं भवितव्य त्यावर. तळघरातल्या सामानाला जवळपास काहीच मिळत नाही. आणि पॉलिसी साधारणपणे ३० दिवसांनी लागू होते, म्हणजे आभाळ भरून आल्यावर धावाधाव करून उपयोग नाही.

काही ठिकाणी पावसाच्या आकड्यावर पैसे देणारा विमा सुचवतात. अमुक मिलिमीटर पडला की रक्कम थेट गावाला, सर्व्हेअरची गरजच नाही. कागदावर उत्तम. पण पर्जन्यमापक असतो खाली खोऱ्यात, ढग फुटतो वर कड्यावर. मापकात पाऊस कमी दिसतो, गाव वाहून जातं, पैसे शून्य. हा विमा घ्यायचाच तर आधी वर दोन-तीन मापक बसवा.

गाळमोजे:
मापकाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. विमा नकोच असं मीही म्हणत नाही, फक्त तो बांधकामाच्या आधी नको.

स्वित्झर्लंडच्या २६ पैकी १९ प्रांतांत इमारतींचा विमा सार्वजनिक संस्थेकडे आहे, आणि सक्तीचा. तीच संस्था प्रतिबंधक कामांनाही पैसे देते. नुकसान तिलाच भरायचं असतं ना! निडवाल्डनमध्ये एंगेलबर्गर आ नदीच्या तटबंधात ठरावीक जागा मुद्दाम अशी ठेवली की पाणी जास्त झालं तर तिथूनच बाहेर पडेल आणि शेतातून सरोवरात जाईल. ऑगस्ट २००५ च्या महापुरात ती वाट कामी आली. आपली भिंत कधीतरी हरणार हे मान्य करून बांधलेली भिंत मला चालते.

हिशेबनीस:
त्यांच्याकडे पैसा आहे आणि धोक्याचे नकाशेही. लाल पट्ट्यात नवं घर बांधू देत नाहीत. उतारकरांच्या गावात नदीकाठचा अख्खा बाजार लाल पट्ट्यात येईल. मग काय?

उतारकर:
मग तिथेच बांधायला एकदाच भरपाई. दुसऱ्यांदा बुडालं तर पैसे मिळतील, पण दुसरीकडे बांधण्यासाठी, तिथेच उभं करायला नाही.

हिशेबनीस:
डोंगरात सपाट जागा असते कुठे? जी असते ती नदीनेच केलेली. वर सरकवाल तर दरडीखाली जाल, तुम्हीच वर म्हणालात.

उतारकर:
सगळ्यांना सरकवा कुठे म्हणतोय? ज्या घरांना वरची सुरक्षित जागा देता येईल त्यांनाच. बाकीच्यांनी तळमजला मोकळा ठेवावा, मीटर आणि माल वर न्यावा, त्यांना हप्त्यात सूट.

कलमवाचक:
सूट पॉलिसीत लिहून घ्या, तोंडी नको.

गाळमोजे:
आणि वरच्या बांधामागचा गाळ दर मोठ्या पुरानंतर काढायला पोकलेन लागतं. भरलेला बांध पुढचा धोंडा अडवत नाही. बांधायला एकदा अनुदान मिळतं, उपसायला कोणी देत नाही. तो खर्च हप्त्यातून घेणार की घरपट्टीतून, ते उतारकरांनी सांगावं.