ऑल्टर व्ह्यू कंपाइल चालवूनही नवा कॉलम दिसत नाही (ओरॅकल १९सी डेटाबेस)

प्रश्न
बिल_मास्टर टेबलवर व्ही_बिल हा व्ह्यू (टेबलासारखी वापरता येणारी, साठवलेली क्वेरी) आहे, ‘सिलेक्ट स्टार’ने, म्हणजे सगळे कॉलम घेऊन बनवलेला. टेबलात जीएसटी_क्रमांक हा कॉलम वाढवला आणि ‘ऑल्टर व्ह्यू व्ही_बिल कंपाइल;’ चालवलं. ‘व्ह्यू ऑल्टर्ड’ आलं, पण व्ह्यूमध्ये कॉलम नाहीच. दुसरीकडे पावती टेबलातल्या ‘रक्कम’चं नाव ‘एकूण_रक्कम’ केलं, तर त्यावरचा व्ही_थकबाकी हा व्ह्यू इनव्हॅलिड (वापरता न येणारा) झाला आणि कंपाइल करूनही तसाच आहे. काय करावं?

प्रतिसाद १
कंपाइल व्ह्यूची व्याख्या बदलत नाही. साठवलेली क्वेरी आजच्या टेबलांशी जुळते का, एवढंच ते पुन्हा तपासतं. ‘स्टार’ तर व्ह्यू बनतानाच उलगडून कॉलमांची यादी म्हणून साठवला जातो. युजर_व्ह्यूज या ओरॅकलच्या यादीतला टेक्स्ट कॉलम पाहा, तिथे स्टार (*) नसून नावं दिसतील. एसक्यूएल प्लस या कमांड लिहायच्या साधनात आधी ‘सेट लाँग १०००००’ करा, नाहीतर ८० अक्षरांनंतर मजकूर तुटतो.

त्यामुळे ‘क्रिएट ऑर रिप्लेस व्ह्यू’च लागेल, आणि या वेळी कॉलमांची नावं स्वतः लिहा. व्ही_थकबाकीचंही तेच: ‘शो एरर्स व्ह्यू व्ही_थकबाकी’ चालवलंत तर ओआरए-००९०४ (असं नाव सापडत नाही) ही चूक दिसेल, कारण क्वेरीत अजून ‘रक्कम’च आहे. तिथे ‘एकूण_रक्कम एज रक्कम’ लिहिलंत तर व्ह्यू वापरणाऱ्या रिपोर्टना हात लावावा लागणार नाही.

प्रतिसाद २
रिप्लेस करण्याआधी त्या व्ह्यूवर काय काय टांगलेलं आहे ते पाहाच. रिप्लेसमध्ये ग्रँट (इतरांना दिलेले वापराचे हक्क) टिकतात, म्हणून ड्रॉप करून नव्याने बनवू नका, त्यात सगळे ग्रँट जातात. पण ‘इन्स्टेड ऑफ’ ट्रिगर (व्ह्यूवरच्या इन्सर्ट, अपडेट, डिलीटऐवजी चालणारा कोड) रिप्लेसमध्येही उडतात, आणि कसलीही सूचना येत नाही. दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी इन्सर्ट अडला की मग शोधाशोध सुरू होते. युजर_ट्रिगर्समध्ये टेबल_नेम = व्ह्यूचं नाव देऊन शोधा, डीबीएमएस_मेटाडेटा.गेट_डीडीएलने त्या ट्रिगरांचा मजकूर काढून ठेवा आणि रिप्लेसनंतर लगेच चालवा. व्ह्यूवर ‘विथ चेक ऑप्शन’ (व्ह्यूच्या अटीत न बसणाऱ्या ओळी नाकारणं) किंवा ‘विथ रीड ओन्ली’ (फक्त वाचणं) असेल तर तेही पुन्हा लिहावं लागतं. विसरलात तर ते बंधन गेलं.

प्रश्नकर्ता
व्ही_थकबाकीवर आणखी बरेच व्ह्यू उभे आहेत. एकेक कंपाइल करायचा का?

प्रतिसाद १
तशी सक्ती नाही. इनव्हॅलिड व्ह्यू पहिल्यांदा वापरला की ओरॅकल तो आपणहून कंपाइल करून बघतो. जमलं नाही तर ओआरए-०४०६३ (व्ह्यूमध्ये चुका आहेत) देतो. पण ती चूक वापरणाऱ्याच्या स्क्रीनवर दिसण्याआधी आपल्याला दिसलेली बरी. आपल्या स्कीमातलं (एका युजरच्या मालकीची टेबलं, व्ह्यू वगैरे) सगळं एकदम कंपाइल करणारं डीबीएमएस_युटिलिटी.कंपाइल_स्कीमा वापरा आणि कंपाइल_ऑलला फॉल्स द्या. डिफॉल्ट ट्रू आहे, म्हणजे चांगली चालणारी पॅकेजंही (साठवलेल्या कोडचे गठ्ठे) पुन्हा कंपाइल होतात आणि चालू सेशन ओआरए-०४०६८ (पॅकेजची आधीची स्थिती गेली) देऊ लागतात. यूटीएलआरपी स्क्रिप्ट पूर्ण डेटाबेससाठी असते, पॅच किंवा अपग्रेडनंतरची. इथे तिचं काम नाही. शेवटी युजर_ऑब्जेक्ट्समध्ये स्टेटस इनव्हॅलिड असलेलं काही उरलंय का, ते बघा.

प्रतिसाद ३
एक राहिलं. मूळ टेबल दुसऱ्या स्कीमात असेल आणि त्यावरचा सिलेक्टचा हक्क फक्त रोलमधून (अनेकांना एकत्र दिलेल्या हक्कांच्या गटातून) मिळालेला असेल, तर नुसती क्वेरी चालते पण व्ह्यू कंपाइल होत नाही. ग्रँट थेट त्या युजरला हवा. तो व्ह्यू पुढे तिसऱ्याला द्यायचा असेल तर ग्रँट ‘विथ ग्रँट ऑप्शन’सह (पुढे देण्याच्या मुभेसह) घ्या, नाहीतर ओआरए-०१७२० येईल.